तुझं मत नको, त्याचं सांग

सोमवार

आज फक्त कार्स, म्हणजे एमकॅट या अमेरिका-कॅनडातल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला, उतारे वाचून उत्तरं द्यायचा विभाग. बाकीची पुस्तकं मुद्दाम मिटून ठेवली, कारण ती उघडली की मी त्यांच्याआड लपते. अमिनो आम्लं पाठ करायला बसलं की दिवस कसा सत्कारणी लागल्यासारखा वाटतो. २० आम्लं, प्रत्येकाची साइड चेन, एकाक्षरी खूण. संध्याकाळी कुणी विचारलं तर छाती पुढे काढून सांगता येतं की आज एवढं झालं. कार्समध्ये दाखवण्यासारखं हाताला काही लागतच नाही. ९ उतारे वाचले, ५३ प्रश्न सोडवले, ९० मिनिटं गेली. त्यातून काय आलं? एका मध्ययुगीन हिशेबवहीबद्दल कुणाचं तरी मत. परीक्षेत ती हिशेबवही येणार नाही, तो लेखकही येणार नाही.

एमकॅटच्या चार विभागांत हा दुसरा. आधी ९५ मिनिटं रसायन-भौतिक, मग १० मिनिटांची सुट्टी, आणि डोक्यात अजून समीकरणं घोळत असतानाच समोर येतो कलेच्या इतिहासातला कुठलातरी वाद. उतारे ५०० ते ६०० शब्दांचे. तत्त्वज्ञान, संगीत, नीतिशास्त्र, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, काहीही असू शकतं; नसतं ते फक्त विज्ञान. अट एकच: उत्तराला लागणारं सगळं उताऱ्यातच असतं, बाहेरचं काही लागत नाही. ऐकायला किती सोपं! उतारा समोर, उत्तर उताऱ्यात, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत.

माझे बाकीचे तीन विभाग हळूहळू का होईना, वर सरकतायत. प्रत्येक विभागाला ११८ ते १३२ गुण असतात, मधला आकडा १२५. कार्स त्या मधल्या आकड्याच्या खाली ठाण मांडून बसलाय आणि काही केल्या उठत नाही.

मंगळवार

चुलतभावाचा फोन. तो नीटच्या तयारीत आहे. तीन तासांत १८० प्रश्न, बरोबरला चार गुण, चुकला तर एक वजा. मी काय करतेय ते सांगितलं तर हसतच सुटला. "ताई, म्हणजे शाळेत असायचा तसा उतारा? खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा?" म्हटलं, हो, तसाच. "आणि त्यावरून डॉक्टर करतात?" म्हटलं, त्यावरून डॉक्टर होऊ देत नाहीत. कॅनडातलं मॅकमास्टर विद्यापीठ तर एमकॅटचे बाकीचे विभाग बघतच नाही, फक्त कार्सचा आकडा घेतं, हे सांगितल्यावर मात्र तो गप्प झाला. मग म्हणाला, "मी कडक मेहनत करतो ती बरीये."

फोन ठेवल्यावर थोडं वाचलं. ही भानगड नवीन नाही. १९२८ साली फ्रेड मॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वैद्यकीय प्रवेशासाठी पहिली चाचणी तयार केली, कारण प्रवेश घेतलेली मुलं मधेच गळत होती. तिच्यातही छापील मजकूर कितपत समजतो हे तपासणारा भाग होता. पुढे नावं बदलली, वेळा बदलल्या. २०१५ पर्यंत याला व्हर्बल रीझनिंग म्हणायचे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटं. निबंधाचा भाग तर २०१३ मध्ये काढूनच टाकला. वाचन मात्र कुणी काढलं नाही. म्हणजे माझ्या तक्रारीला जवळजवळ शंभर वर्षांची परंपरा आहे. बरं वाटलं, उगाच.

बुधवार

आजचा एक उतारा पूर्ण लिहून ठेवते, कारण माझं कुठे अडतं ते त्यात स्वच्छ दिसतं.

विषय संग्रहालयातल्या मुखवट्यांचा. लेखक म्हणतो, काचपेटीखालच्या पाटीवर मुखवटा कशाचा आहे, कुठला आहे, कधीचा आहे हे सगळं लिहिलेलं असतं. पण तो तोंडावर चढवून नाचण्यासाठी केलेला होता, ही गोष्ट पाटी वाचून कळत नाही. काचेतला मुखवटा सुरक्षित असतो, पण तो मेलेला असतो. तिसऱ्या परिच्छेदात त्याचा सूर चढतो, संग्रहालयांना तो 'सुबक दफनभूमी' म्हणतो. आणि शेवटच्या परिच्छेदाच्या सुरुवातीला एक 'तरीही'. तरीही तो मुखवटा नाचाला परत दिला, तर एका पिढीत झिजून संपेल, आणि मग ना नाच उरेल ना मुखवटा.

पहिला प्रश्न, लेखकाचं मुख्य म्हणणं काय. अ: संग्रहालयांनी या वस्तू परत कराव्यात. ब: वापरापेक्षा जतन महत्त्वाचं. क: जतन करताना वस्तूचा अर्थ काही प्रमाणात हरवतो, पण दुसरा मार्ग दिसत नाही. ड: पाट्यांवर अधिक माहिती हवी.

ड लगेच गेला. पाट्यांचा उल्लेख आहे खरा, पण तो विषयात शिरण्यापुरता. ब सुद्धा गेला. उरले अ आणि क, आणि इथे मी घड्याळाकडे बघत बसले. मला मनातून अ हवा होता. दफनभूमी हा शब्द इतका जोरात वाजला होता की पुढचं 'तरीही' मी वाचलं, पण ऐकलं नाही. शिवाय अशा वस्तू परत द्याव्यात असं माझं स्वतःचं मत आहे, आणि ठाम आहे. लेखकाने तीन परिच्छेद माझ्याच बाजूने लिहिलेले, मग चौथ्यात तो पाय मागे घेतो हे मला मान्यच होईना. उत्तर अर्थात क.

खरी मजा पुढच्या प्रश्नात. एक नवी माहिती दिली होती: समजा, असं आढळलं की मुखवटे बनवणारे लोक दरवर्षी नवा मुखवटा कोरतात आणि नाच संपला की जुना जाळतात. याने लेखकाच्या युक्तिवादाचं काय होईल? पहिल्या झटक्यात वाटतं, बळकटीच मिळेल. वापर महत्त्वाचा, काच निरर्थक, हेच तर तो सांगत होता. पण नीट बघितलं तर त्याचा शेवटचा परिच्छेद एका गृहीतावर उभा आहे की मुखवटा एकच आहे आणि वापरला तर संपेल. दरवर्षी नवा होत असेल तर झिजण्याची भीतीच उरत नाही, आणि 'दुसरा मार्ग नाही' हे म्हणणं लंगडं पडतं. म्हणजे नव्या माहितीने दफनभूमीला बळ मिळतं, पण निष्कर्षाचा पाया सुटतो. प्रश्न निष्कर्षाबद्दल होता.

हा प्रश्न मला मनापासून आवडला. असे प्रश्न थोडेथोडके नसतात; जवळजवळ ४० टक्के प्रश्न या जातीचे, उताऱ्याबाहेर नेऊन विचारलेले. उरलेल्यात ३० टक्के सरळ आकलनाचे आणि ३० टक्के उताऱ्याच्या आतल्या तर्काचे. मी सगळी ताकद लावते ती पहिल्या ३० टक्क्यांवर, 'काय लिहिलंय' यावर. तिथे माझं फारसं चुकतही नाही.

शुक्रवार

लोक सल्ले देतात. आधी प्रश्न वाच. नको, आधी उतारा वाच. नुसती नजर फिरव. सगळे उतारे चाळून सोपे आधी घे. रोज वर्तमानपत्रातले अग्रलेख वाच. आणि बाबांचं ठरलेलं, "तू तर लहानपणी जेवतानासुद्धा पुस्तक सोडायची नाहीस." खरंय, पण तेव्हा कुणी पाचव्या पानावर थांबवून 'पुढीलपैकी कोणते विधान लेखकास सर्वात कमी मान्य होईल' असं विचारत नव्हतं.

सगळ्यात वैताग आणतो तो 'इंग्रजी सुधार' हा सल्ला. मी इथे शाळेत असताना आले, शब्द अडत नाहीत. इथेच जन्मलेले, घरीदारी इंग्रजीच बोलणारे माझ्या वर्गातले कितीतरी जण याच विभागावर डोकं आपटतायत. अडतं ते वाचायच्या सवयीमुळे. तीन-चार वर्षं आम्ही जे वाचलं ते सगळं उपसण्यासाठी. पाठ्यपुस्तकाचं पान म्हणजे खाण. कामाचं तेवढं काढायचं आणि पुढे जायचं. मायटोकॉन्ड्रियाबद्दल लेखकाला काय वाटतं याच्याशी कुणाला घेणंदेणं?

रूममेट तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी, तीही याच परीक्षेला बसतेय. सेंद्रिय रसायन तिला रडवतं आणि कार्स तिला विरंगुळा वाटतो. आज तिला म्हटलं, एक उतारा माझ्यासमोर मोठ्याने वाच. ती वाचत नाही, भांडते. "अच्छा? मग मघाशी काय म्हणालास?" "हे तुझं मत की त्या टीकाकारांचं?" "आता हे उदाहरण मधेच कशाला?" प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी क्षणभर थांबते आणि हा हे का सांगतोय ते स्वतःला एका वाक्यात सांगते. काय सांगतोय ते नाही, का सांगतोय ते. आणि एवढं सगळं करून १० मिनिटांच्या आत मोकळी.

मग तिने माझा स्क्रीन बघितला. मी पिवळ्या रंगात काय काय रंगवलं होतं? साल, साल, एका वास्तुकाराचं नाव, एक टक्केवारी, आणखी एक साल. एकाही प्रश्नात त्यातलं काही विचारलेलं नव्हतं. तिच्या उताऱ्यात पिवळे ठिपके अगदी थोडे: 'पण', 'तरीही', 'असे मानले जाते', 'काहींच्या मते'. जिथे वळण आहे तिथे खूण, आणि जिथे बोलणारा बदलतो तिथे खूण. बोलणारा बदलतो हे प्रकरण माझ्या लक्षातच येत नाही कधी. लेखक दोन परिच्छेद विरोधकांची बाजू मांडतो, इतक्या मन लावून मांडतो की मी ती त्याच्याच नावावर जमा करते.

शनिवार

आज नुसती वळणं शोधत वाचलं. टायमर लावला नाही. चुका कमी झाल्या, वेळ भरमसाट गेला. टायमर लावला की जुनी सवय परत येते आणि मी पुन्हा साल रंगवू लागते.

चुकलेल्या उत्तरांची एक वही करायला घेतली. कुठलं चुकलं ते लिहीत नाही, चुकीचा पर्याय मला का आवडला ते लिहिते. बऱ्याच ठिकाणी कारण एकच निघतं: ते जगात खरं होतं. उताऱ्यात नव्हतं, पण खरं होतं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला खरं विधान सोडून द्यायला जिवावर येतं. दुसरं कारण, विधानातला जोर. लेखक म्हणतो 'बहुधा', पर्याय म्हणतो 'नेहमीच', आणि घाईत ते एकच वाटतं.

हा विभाग म्हणे पुढे रुग्णाचं ऐकून घ्यायची तयारी करून घेतो. मला यात निम्मंच तथ्य वाटतं. रुग्ण ५०० शब्दांत मुद्देसूद बोलत नाही, त्याला उलट प्रश्न विचारता येतो, आणि त्याच्याशी बोलताना बाहेरचं ज्ञान वापरू नका असं कुणी सांगत नाही. उलट तेच वापरण्यासाठी तर तो आलेला असतो. पण समोरच्याचं म्हणणं आपल्या मताने न रंगवता धरून ठेवणं, ते पटत नसताना, एवढा भाग कदाचित उपयोगी पडेल. आत्ता तरी मला ते मुखवट्यांच्या बाबतीतही जमत नाही.

रविवार

पूर्ण लांबीची सराव परीक्षा दिली. चारही विभाग मिळून सव्वासहा तास, मधल्या सुट्ट्या वेगळ्या. कार्समध्ये शेवटच्या उताऱ्याला पाचच मिनिटं उरली. मागे असं झालं की मी डोळे मिटून सगळीकडे क ठोकायची. आज निदान पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचून उत्तरं दिली. आकडा एका गुणाने वर आलाय. एका गुणाचं काय ते मला माहीत आहे, दोन दिवसांनी तो खालीही येईल.

पण आज डोक्यात आकडा नाही, एक प्रश्न बसलाय. उतारा गावातल्या सार्वजनिक घड्याळांवर होता. मनोऱ्यावर घड्याळ आल्यावर वेळ सगळ्यांची एक झाली, आणि वेळ मोजला जाऊ लागल्यावर रिकामपणही मोजला जाऊ लागला, असा एकूण मुद्दा. प्रश्न: लेखकाला कोणतं विधान मान्य होईल? उत्तरसूची म्हणते ब, घड्याळापूर्वी लोकांना अधिक मोकळा वेळ मिळत असे. स्पष्टीकरण एका ओळीचं: तिसऱ्या परिच्छेदातून सूचित होते.

तिसरा परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचला. लेखक म्हणतो, पूर्वी रिकाम्या वेळाचा हिशेब कुणी ठेवत नव्हतं. हिशेब नव्हता म्हणजे वेळ जास्त होता, हे कुठून आलं? कमीही असेल. त्याने ते सांगितलेलंच नाही, आणि दुसऱ्या परिच्छेदात तर शेतकऱ्यांच्या सुगीच्या दिवसांबद्दल बोलताना 'उसंत नसे' असं स्पष्ट म्हटलंय. मी ड निवडला होता: मोजमाप सुरू झाल्यामुळे रिकामपणाकडे बघण्याची दृष्टी बदलली. उताऱ्याची शेवटची ओळ जवळजवळ हेच सांगते.

रूममेटला दाखवलं. तिने दोनदा वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ड.

पुस्तक एका खासगी प्रकाशनाचं आहे. परीक्षा घेणाऱ्या असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेसचे स्वतःचे सरावसंच मोजकेच, म्हणून ते शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवले होते. उद्यापासून तेच काढते. खासगी पुस्तकातले उरलेले उतारे घड्याळ लावून वाचायला ठीक आहेत, उत्तरसूची बघायची नाही. त्या प्रश्नाच्या शेजारी समासात पेन्सिलने पूर्ण युक्तिवाद लिहून ठेवलाय, परिच्छेद क्रमांकांसकट. ब चूक आहे.