लेस्टरचा निकाल लिव्हरपूलमध्ये लागला

लेस्टरला मी फुटबॉलसाठी गेले नव्हते. भाच्याकडे गेले होते, थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट घेऊन. तो तिथल्या डी माँटफर्ट विद्यापीठात शिकतो आणि बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत एका गुजराती काकांच्या घरात वरच्या खोलीत राहतो. बेलग्रेव्ह रोड म्हणजे साड्यांची दुकानं, सराफ, फरसाण, पानवाला. पहिल्या दिवशी मी तिथे उभी राहून पाट्या वाचल्या आणि विमानाचं भाडं उगाच भरलं की काय, असं वाटलं.

काकांनी पहिल्याच चहाला विचारलं, "पुण्याच्या का तुम्ही? म्हणजे ब्लॅकबर्नवाल्या!" मला काही कळेना. भाच्याने समजावलं, ब्लॅकबर्न रोव्हर्स नावाचा इंग्लंडमधला जुना क्लब २०१० पासून आपल्या पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा आहे. १९९५ साली प्रीमियर लीग, म्हणजे तिथली सगळ्यात वरची लीग, जिंकलेला क्लब. तो चार वर्षांनी खाली घसरला, पुढे परत वर आला आणि २०१२ मध्ये पुन्हा खाली गेला. आयुष्य पुण्यात काढून मला हे लेस्टरमध्ये कळलं.

तर २८ मे २०२३, रविवार. हंगामाचा शेवटचा दिवस. काका-काकींकडे लेस्टर सिटीची दोन सीझन तिकिटं. सकाळी काकींनी जाहीर केलं, "मी येणार नाही. माझ्याच्याने बघवणार नाही. बेनला घेऊन जा." असं माझं तिकीट निघालं.

फुटबॉलमधलं मला ऑफसाइडही धड कळत नाही, पण त्या दिवशीचं गणित मला ताबडतोब कळलं. जर-तरच्या गणितात आपला हात कोण धरणार? वर्ल्डकप आला की नेट रन रेट घरोघरी काढला जातो. काकांनी विजेच्या बिलाच्या पाकिटावर मांडणी केली. वीस संघ, प्रत्येकाचे ३८ सामने, शेवटचे तीन खालच्या लीगमध्ये, म्हणजे चँपियनशिपमध्ये. साउथॅम्प्टन आधीच गेलेलं. उरलेल्या दोन जागांसाठी तीन उमेदवार: एव्हर्टन ३३ गुण, लेस्टर ३१, लीड्स ३१. लेस्टरने जिंकायचं आणि एव्हर्टनने जिंकायचं नाही. एव्हर्टनची बरोबरी झाली तरी चालेल, कारण दोघांचे ३४ होतील आणि गोलफरक लेस्टरचा बरा.

आयपीएलमध्ये शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी तोच संघ त्याच थाटात उतरतो. शाळेत नापास झालेल्या मुलाला फार तर त्याच वर्गात बसवतात. इथे मात्र खालच्या वर्गात पाठवतात, टीव्हीचे पैसे आटतात, चांगले खेळाडू विकले जातात. सात वर्षांपूर्वी पहिला आलेला विद्यार्थी आता त्या दारात उभा होता.

ती २०१५-१६ ची गोष्ट आपल्याकडेही गाजली होती. हंगामाच्या सुरुवातीला सट्टेबाज लेस्टरवर एकास पाच हजार भाव देत होते आणि प्रशिक्षक क्लाउदिओ रानिएरीच्या या संघाने लीग जिंकली. काकांनी दहा पौंड लावले होते का, असं मी विचारलं. काका म्हणाले, "लावले असते तर हे घर भाड्याने दिलं असतं का?"

निघायला वेळ होता म्हणून काकांनी गाव दाखवलं. आधी मार्केट. इथेच इंग्लंडचा गाजलेला फुटबॉलपटू गॅरी लिनेकरच्या वडिलांची भाजी-फळांची गाडी होती. मग कॅथीड्रल. २०१२ साली जवळच्या एका वाहनतळाखाली इंग्लंडच्या जुन्या काळातल्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा सापडला आणि २०१५ च्या मार्चमध्ये त्याला इथे रीतसर मूठमाती दिली गेली. तेव्हा लेस्टर तक्त्यात तळाला होतं. त्यानंतर शेवटच्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकून ते वाचलं आणि पुढच्याच वर्षी लीग जिंकली. अंत्यसंस्कार नीट झाले नाहीत की आत्मा घुटमळतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गोऱ्यांचाही यावर विश्वास आहे हे पाहून मला बरं वाटलं. "मग आता परत का बुडतायत?" मी विचारलं. काका थडग्याच्या दगडाकडे पाहत म्हणाले, "वर्षश्राद्ध राहिलं असेल."

पुढची वाट रग्बीच्या मैदानावरून फिल्बर्ट स्ट्रीटला. क्लबचं जुनं मैदान इथे होतं, १८९१ ते २००२. आता विद्यार्थ्यांची घरं आहेत आणि एका रस्त्याला लिनेकरचं नाव. काका इथे पहिल्यांदा आले ते वडिलांचा हात धरून. कंपालाहून १९७२ साली, युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने हाकलल्यावर. लेस्टरच्या नगरपालिकेने तेव्हा युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे घरं, शाळा सगळं भरलंय, कृपया इकडे येऊ नका. "त्या जाहिरातीमुळेच बऱ्याच जणांना लेस्टरचं नाव कळलं," काका म्हणाले. वडील होजियरीच्या कारखान्यात लागले आणि मुलाला शनिवारी मैदानावर न्यायला लागले. त्या काळी तिथे आपल्या रंगाची माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. शिव्याही ऐकल्या. काका त्याबद्दल याहून जास्त बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

किंग पॉवर स्टेडियम तिथून अगदी जवळ आहे. पूर्वी त्याचं नाव वॉकर्स होतं. वॉकर्स म्हणजे इथले बटाट्याचे वेफर्स, तेच आपल्याकडे लेज म्हणून मिळतात. बाहेर विचाई श्रीवद्धनप्रभा यांचा पुतळा आहे. थायलंडचे हे मालक. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी सामना संपल्यावर मैदानातूनच त्यांचं हेलिकॉप्टर उडालं आणि बाहेर लगेचच कोसळलं. पाच जण गेले. तो सामना वेस्ट हॅमशी होता. आजचाही वेस्ट हॅमशीच. काकांनी पुतळ्याला, देवळासमोरून जाताना करतो तसा, चालता चालता हात छातीला लावून नमस्कार केला.

आत बत्तीस हजार माणसं. संघ मैदानात येताना टपालगाडीच्या शिंगाची एक जुनी धून वाजते. मला आवाजानेच धडधडायला लागलं. भाचा त्या दिवशी दुकानात कामावर होता. लिव्हरपूलला त्याच वेळी चाललेल्या एव्हर्टनच्या सामन्याचा स्कोअर तो मला कळवणार असं ठरलं होतं. काकांनी स्वतःचा फोन बंद करून खिशात टाकला. "तुम्ही बघा. मला विचारल्याशिवाय सांगू नका."

वेस्ट हॅमला दहा दिवसांनी प्रागला युरोपियन फायनल खेळायची होती, त्यामुळे त्यांचं चित्त तिकडे. ३४ व्या मिनिटाला हार्वी बार्न्सने इहेनाचोबरोबर पास देत-घेत पुढे जाऊन गोल मारला. माझ्या शेजारच्या अनोळखी आजोबांनी मला मिठी मारली. पुण्यात हे घडलं असतं तर घरी सांगायची चोरी. तिकडे एव्हर्टन आणि बोर्नमथ ०-०. म्हणजे त्या क्षणी लेस्टर वाचलेलं होतं. मध्यंतरात काकांनी घरून आणलेला मेथीचा ठेपला मला दिला, स्वतः खाल्ला नाही. शेजारच्या आजोबांनी मात्र अर्धा घेतला.

दुसऱ्या डावात, बारा-तेरा मिनिटं झाली असतील, आमच्यासमोर चेंडू मधल्या भागात नुसता इकडून तिकडे चाललेला. काहीच घडत नव्हतं. आणि समोरच्या स्टँडमधलं गाणं मधल्याच ओळीला तुटलं. मग डावीकडचं. माझ्या हातातला फोन थरथरला. 'आत्या, दुकुरे. एव्हर्टन १-०.' काकांनी विचारलं नाही. त्यांनी माझ्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि परत चेंडूकडे.

पाचच मिनिटांनी मॅडिसनच्या फ्रीकिकवर वाउट फासने डोक्याने गोल केला, २-० झाले. हाच फास डिसेंबरमध्ये लिव्हरपूलविरुद्ध एकाच डावात दोनदा स्वतःच्याच जाळ्यात चेंडू मारून बसला होता आणि लेस्टर २-१ ने हरलं होतं. लोक ओरडले, पण ते ओरडणं पहिल्या गोलासारखं नव्हतं. लग्नात मुलीकडच्यांना काहीतरी वाईट बातमी कळलेली असावी आणि तरी अक्षता टाकाव्या लागाव्यात, तसं. वेस्ट हॅमच्या फोर्नाल्सने ७९ व्या मिनिटाला एक गोल फेडला, त्याकडे कुणी फारसं पाहिलंही नाही. आमचा सामना संपला, लेस्टर २-१ ने जिंकलं आणि कुणी हललं नाही. तिकडे एव्हर्टनच्या मैदानावर, गुडिसन पार्कवर, दहा मिनिटं वाढीव दिली होती. बोर्नमथने एक गोल मारला तर सगळं उलटणार होतं. मला बोर्नमथ नकाशावर कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, पण त्या मिनिटांत मी त्यांच्यासाठी गणपतीला नारळ बोलले. नारळ वाचला.

रडणारी माणसं मी बरीच पाहिली त्या दिवशी, त्यात टक्कल पडलेले बापेही होते. त्याचं वर्णन करत बसत नाही.

परतताना काका नदीकाठच्या रस्त्याने मुकाट्याने चालत होते. मग एकदम बोलायला लागले आणि घरापर्यंत थांबले नाहीत. एव्हर्टन आठ सामने जिंकलं, लेस्टर नऊ. एव्हर्टनचे अख्ख्या हंगामात ३४ गोल, लेस्टरचे ५१. आणि वाचलं कोण? लेस्टरचा बचाव म्हणाल तर चाळणी: ६८ खाल्ले. एप्रिलच्या सुरुवातीला प्रशिक्षक ब्रेंडन रॉजर्सला काढलं, डीन स्मिथला आठ सामन्यांसाठी आणलं. घर पेटल्यावर विहीर खणायची! पण काकांचा खरा सल १ मेचा. त्या दिवशी याच एव्हर्टनशी याच मैदानावर लेस्टर २-१ पुढे होतं आणि मध्यंतराच्या जरा आधी पेनल्टी मिळाली. पिकफर्ड या गोलरक्षकाच्या पाण्याच्या बाटलीवर कोण कुठे मारतो याची टिपणं लिहिलेली. मॅडिसनने सरळ मधोमध मारली, हा गडी मधोमधच उभा. सामना २-२ सुटला. काकांनी फुटपाथवर थांबून मला हिशेब दिला: ती पेनल्टी आत गेली असती आणि सामना जिंकला असता, तर आज लेस्टर ३६, एव्हर्टन ३५. मी मनातल्या मनात दोनदा करून पाहिलं. बरोबर होतं.

महाराष्ट्र दिन म्हणून १ मे माझ्या लक्षात राहतो, असं मी म्हणाले. तर काकांनी त्यातूनही आठवण काढली. २०१६ च्या १ मेला लेस्टर मँचेस्टरला जिंकलं असतं तर तिथेच विजेते ठरलं असतं, पण १-१ झालं. दुसऱ्या दिवशी चेल्सी आणि दुसऱ्या नंबरवरच्या टॉटनहॅमची लंडनमध्ये २-२ बरोबरी झाली आणि लेस्टर विजेतं ठरलं. लेस्टरचे खेळाडू तेव्हा वार्डीच्या घरी टीव्ही बघत बसले होते. "आम्ही तेव्हा बेलग्रेव्ह रोडवर ढोल वाजवले," काका म्हणाले, "दुसऱ्यांच्या मॅचवर. आज एव्हर्टनवाल्यांना काय बोलू?"

घरी काकींनी खिचडी-कढी करून ठेवली होती आणि टीव्हीवर गुजराती मालिका लावली होती. देवासमोरचा दिवा अजून तेवत होता. त्यांनी निकाल विचारला नाही. काकांच्या ताटात लोणचं वाढलं आणि म्हणाल्या, "कढी गोड झालीय जरा."

दुसऱ्या दिवशी सोमवार, तिकडे बँक हॉलिडे. खाली आले तर काका नेहमीच्या खुर्चीत, गळ्यात निळा स्कार्फ, पुढ्यात तेच विजेच्या बिलाचं पाकीट. मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या वर्षीच्या चँपियनशिपमधले संघ लिहिणं चाललं होतं. एका नावाखाली दोन रेघा मारून त्यांनी पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"बेन, आवता वरसे तो तमारा पुणावाळा साथे रमवानुं छे."