‘डेली’ कुठे बसवायचा?

‘आय डेली गो बाय मेट्रो.’ नागपुरात खापरीपासून बर्डीपर्यंत हे वाक्य कुठेही कानावर पडतं. अर्थ पोचतो, कुणाचं काही अडत नाही, तरी दाताखाली खडा यावा तसं होतं. कारण साधं आहे. मराठीत ‘रोज’ला कुठेही जागा मिळते: मी रोज मेट्रोने जातो, रोज मी मेट्रोने जातो, मी मेट्रोने जातो रोज. जोर तेवढा इकडचा तिकडे होतो. इंग्रजीत मात्र अशा शब्दांच्या जागा ठरलेल्या, आणि त्या बऱ्याच कडक.

पाठांतर करण्याआधी एकच फरक लक्षात घ्यावा. अंदाजाने बोलायचे शब्द मधे बसतात, मोजून सांगायचे कडेला. ऑलवेज, युजुअली, ऑफन, समटाइम्स, रेअरली, नेव्हर ही अंदाजाची मंडळी. ती मुख्य क्रियापदाच्या लगेच आधी येतात: ‘आय ऑलवेज टेक द मेट्रो’. वाक्यात नुसतं ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ असेल तर त्याच्या नंतर: ‘द बस इज नेव्हर ऑन टाइम’. ‘शुड’, ‘हॅव’ असं सहायक क्रियापद असेल तर त्या पहिल्याच्या पाठोपाठ: ‘यू शुड ऑलवेज कॅरी वॉटर’, जे मे महिन्यातल्या नागपुरात व्याकरण न शिकताही पटतं. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे मात्र यांना शिरू द्यायचं नाही. ‘आय टेक ऑलवेज द मेट्रो’ चूक. समटाइम्स आणि युजुअली वाक्याच्या सुरुवातीलाही चालतात. ऑलवेज, नेव्हर तिथे सहसा फक्त आज्ञा देताना येतात, जसं ‘ऑलवेज वेअर अ हेल्मेट’.

डेली, एव्हरी संडे, वन्स अ वीक ही मोजलेली मंडळी. यांची जागा शेवटी: ‘आय टेक द मेट्रो डेली’. जोर द्यायचा असेल तर ‘एव्हरी संडे’ अगदी सुरुवातीला आणता येतं. आपण ‘डेली’ला मधे बसवतो, कारण आपला ‘रोज’ तिथेच बसलेला असतो. ‘वन्स इन अ वीक’ मधला ‘इन’ही आपलाच, ‘आठवड्यातून’ मधल्या ‘तून’चा. तो काढून टाकावा.

मोजलेला शब्द कधी वापरायचा, हे कूलरवरून चांगलं समजतं. कूलरच्या टाकीत डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून सूचना ‘एम्प्टी द टँक वन्स अ वीक’ अशीच हवी. तिथे ‘ऑफन’ लिहिलं तर ज्याच्या त्याच्या आळसाप्रमाणे अर्थ निघतो.

सगळ्यात घोळ ‘आड’चा. दिवसाआड म्हणजे ‘एव्हरी अदर डे’, इथवर ठीक. पण जखमेचं ड्रेसिंग ‘दोन दिवसांआड’ बदला असं सांगितलं, की लोक खुशाल ‘एव्हरी टू डेज’ लिहून मोकळे होतात. सोमवारी ड्रेसिंग झालं असेल तर दोन दिवसांआड म्हणजे गुरुवार. ‘एव्हरी टू डेज’ म्हणजे बुधवार. आपण मधले रिकामे दिवस मोजतो, इंग्रजी अख्खी फेरी मोजते. म्हणून दोन दिवसांआड म्हणजे ‘एव्हरी थ्री डेज’, आणि शंका वाटली तर सरळ वार लिहावा. ‘बायवीकली’ हा शब्द तर हातातही धरू नये. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, असे दोन्ही अर्थ शब्दकोशात त्याच्यापुढे दिलेले असतात. पंधरवड्यासाठी ‘फोर्टनाइटली’ आहे, तो कुणाला फसवत नाही. (डॉक्टरांच्या चिठ्ठीतले बीडी आणि टीडीएस हेही याच कुळातले. दिवसातून दोनदा आणि तीनदा, मूळ लॅटिन. विडी आणि करकपात यांच्याशी संबंध नाही.)

पुस्तकांत ऑलवेज शंभर टक्के, युजुअली नव्वद, ऑफन सत्तर अशी तक्ते छापलेली असतात. शिकवायला बरी, बाकी त्यांचा फार विचार करू नये. युजुअलीचा खरा अर्थ कळायला हिवाळी अधिवेशन पुरेसं आहे. 1953 च्या नागपूर करारात विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरवायचं ठरलं, म्हणजे भाषा ‘एव्हरी इयर’ची. 2020 आणि 2021 चं हिवाळी अधिवेशन मात्र मुंबईत झालं. तेव्हा आता प्रामाणिक वाक्य ‘द विंटर सेशन इज युजुअली हेल्ड इन नागपूर’ असंच. ऑलवेज म्हणायचं असेल तर एकही अपवाद चालत नाही.

नकार आला की गंमत वाढते. ‘तो नेहमी येत नाही’ हे मराठी वाक्य दोन्हीकडे झुकतं: येतो, पण दरवेळी नाही; किंवा कधीच येत नाही. मराठीत बोलण्याच्या सुरावर भागतं. इंग्रजीत आधी ठरवावं लागतं. पहिल्यासाठी ‘ही डझन्ट ऑलवेज कम’, दुसऱ्यासाठी ‘ही नेव्हर कम्स’. ‘ही ऑलवेज डझन्ट कम’ हे शब्दाला शब्द लावून केलेलं जुगाड आहे. समटाइम्सचं नेमकं उलटं, ते नकाराच्या आधी बसतं: ‘ही समटाइम्स डझन्ट कम’. रेअरली, सेल्डम, हार्डली एव्हर यांच्या पोटातच नकार आहे, त्यामुळे त्यांच्यासोबत ‘डोन्ट’ लावायचं नाही, आणि शेवटचं शेपूटही होकारी येतं: ‘ही रेअरली कम्स लेट, डझ ही?’

मराठीतल्या ‘जात असतो’, ‘करत असते’ मुळे आपल्याकडे आयएनजीचा सुकाळ. सवय सांगताना ते लावायचं नाही. ‘आय युजुअली गो’ पुरे. त्यातून ऑलवेजसोबत आयएनजी लागलं की बहुतेकदा कुरकुरीचा सूर लागतो. ‘शी इज ऑलवेज कॉलिंग मी’ म्हणजे सारखी फोन करून डोकं खाते. मायेने फोन करणाऱ्या आत्याबद्दल सांगायचं असेल तर ‘शी ऑफन कॉल्स मी’.

आणि ‘हार्ड’ला ‘ली’ जोडून मेहनतीचा अर्थ निघत नाही. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. अर्जात ‘आय हार्डली वर्क’ लिहिणाऱ्याला सांगायचं असतं की मी खूप राबतो, आणि वाचणाऱ्याला कळतं की हा कामाला हातच लावत नाही. तिथे नुसतं ‘हार्ड’ हवं, तेही क्रियापदाच्या नंतर: ‘आय वर्क हार्ड’.