कॅश जुळली

शुक्रवार, रात्री उशिरा

आज शाखेत पिग्मीची, म्हणजे दारोदार फिरून गोळा केलेल्या रोजच्या बचतीची, कॅश पहिल्या फटक्यात जुळली. कामावर परत आल्यापासून असं फार तर तिसऱ्यांदा. मी खुशीत बंडलाला रबर लावून सरकवलं, तर काउंटरवरच्या पोराने यादीवर बोट ठेवलं. "ताई, ह्या खात्यावर आज दोनदा शंभर."

काकीचं खातं. एक पावती अकरा दहाची, दुसरी पावणेएकची.

म्हणजे मी मासळी मार्केटात दोनदा गेले, दोनदा तिच्यासमोर उभी राहिले, "काकी, पिग्मी" म्हटलं असणार, आणि तिने दोन्ही वेळा पाटाखालचा डबा उघडून शंभराची नोट काढून दिली. अवाक्षर न काढता. दोन्ही वेळा मशीनमध्ये नोंद झाली, पावती निघाली, म्हणून तर कॅश जुळली. चुकली असती तर कळलं असतं.

अकरा दहाचं आठवतं. काकी सरंग्यावर बर्फ ओतत होती. पावणेएकचं काहीच नाही. तिथे नुसतं पांढरं.

मग मला राहवेना. पोराला म्हटलं, मागच्या याद्या काढ. त्याने काढल्या, माझ्याकडे न बघता. सव्वा महिन्यात चार वेळा. आजची काकी शंभर, फुलवाला पन्नास, भरडावरचा सायकलवाला शंभर, पुन्हा फुलवाला पन्नास. तीन माणसं, आणि तिघांनीही काही म्हटलं नाही.

मला हेच खातंय. विसरले ते विसरले, ते ओरोसच्या इस्पितळातच सांगितलं होतं. मिरग लागून आठ दिवस झाले होते, विहिरीकडे उतरणाऱ्या चिऱ्याच्या पायऱ्या बुळबुळीत, आणि डोकं मागून आपटलं. म्हणे. मला त्या सकाळपासूनचंच आठवत नाही. भाकऱ्या केल्या होत्या, हे सुद्धा ह्यांनी सांगितलं. स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं, मेंदूला बसलेला हादरा दिसत नाही. शुद्धीचे गुण मोजतात त्यात मला पंधरापैकी पंधरा. शाळेत कधी पडले नाहीत. बहुतेकांचं तीन महिन्यांत सुधारतं म्हणाले. हा बारावा आठवडा.

त्या "बहुतेकांचं"वर आज विचार करायचा नाही.

पण तिघांनी ठरवलं होतं का? बाजारात बोलणं झालं असेल. "ती इली की देवन् टाका, इचारू नका." आपल्यामागे लोक आपल्याला सांभाळून घेत असतात आणि आपण मात्र मोठ्या तोऱ्यात वही काखेत मारून फिरतो. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत आम्हीही असंच... जाऊ दे.

आधी एकशे चाळीस खाती मला तोंडपाठ होती. कोण रोज देतो, कोण बाजाराच्या दिवशीच, कोणाला चवथीच्या आधी काढायचेत. पिग्मी म्हणजे दुसरं काय? 1928 साली उडुपीच्या एका बँकेने दिवसाला दोन आणे घरी येऊन घ्यायला सुरुवात केली, असं आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. माणूस दारात येतो, त्याला सगळं ठाऊक असतं, म्हणून लोक देतात. आता मी बाजाराची उजवी बाजू आधी, डावी नंतर करते. दुकान झालं की वहीत टिंब. रांग मोडली नाही तर सगळं ठीक चालतं. पण समोरून कोणी हाक मारली, सर आली म्हणून वळचणीला उभी राहिले, मिक्सरची घरघर कानात गेली, की मी कुठे होते ते निसटतं. बारानंतर जास्त. ट्यूबलाइटखाली तर डोळ्यांमागे कोणी दोरी ओढल्यासारखं होतं. आणि आज वहीत काकीच्या नावापुढे टिंब होतं. स्पष्ट, निळं. मी वही उघडलीच नसणार. वही बघायची आठवण कुठल्या वहीत लिहू?

हे म्हणाले, सोड काम. नणंदेला तर कधीपासूनच वाटतंय. त्यांना काही उत्तर दिलं नाही.

जेवल्यावर हिशोब केला. चार वेळचे मिळून तीनशे रुपये जादा जमा. त्यावर माझं कमिशन शेकडा तीन, म्हणजे नऊ रुपये. डोक्याला मार लागून माझी नऊ रुपयांची बढती झाली. फुलवाला आठवड्यातून तीन दिवस "उद्या ये" म्हणणारा माणूस, त्याची बचत माझ्या विसरण्याने वाढली. एकटीच हसले. हे कुशीवर वळले.

शनिवार

आज पहिलं काम काकीचं. गणपती गेल्यापासून मार्केटात पुन्हा पाय ठेवायला जागा नाही. विचारलंच. "काकी, काल दोनदा दिलंस. सांगितलं नाहीस?"

ती सुरमईचे तुकडे करत होती. कोयता थांबला नाही. "माझ्याच खात्यात जातले मां? मग तुका काय त्रास?"

"पण सांगायचं ना."

"तुझा तोंड बघितलंय. सांगलंय असतंय तर थंयच रडलं असतंस. माका गिऱ्हाईक होता."

कीव वगैरे काही नाही. गिऱ्हाईक होतं. ह्याचं मला बरं वाटलं की वाईट, अजून नक्की सांगता येत नाही. फुलवाल्याला विचारायचा धीर झाला नाही.

मी मशीन काढलं, म्हटलं, आण शंभर. काकी माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आता मगाशीच दिलंय मां."

माझ्या पोटात खड्डा पडला. "हो का," म्हणून मी वळलेसुद्धा. दोन पावलं गेले. मग आठवलं, वही. वही उघडली, टिंब नाही. मशीन बघितलं, आजची एकही नोंद नाही.

मागे सगळी रांग खिदळत होती, काकी सगळ्यांत जास्त.

"मेले, खोटारडे," मी म्हटलं आणि हात पुढे केला. नोट ओली होती, खवला चिकटलेली. आधी टिंब काढलं, मग नोट पुसली.