जुनी जीआय लाइन बदलून घेताना कमिटीने घाम काढला – माझा अनुभव

आमची बिल्डिंग 1980च्या दशकातली, सगळी पाण्याची लाइन जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांची), आणि आम्ही टॉप फ्लोअरला. गच्चीवरची टाकी तुडुंब भरलेली असली तरी बाथरूममध्ये 20 लिटरची बादली भरायला पाच मिनिटं. प्लंबर, कोटेशन, पाइप आणणं हे सगळं भराभर झालं. अडलं ते सोसायटीच्या कमिटीत, कारण गच्चीवरून खाली येणारी लाइन सोसायटीची, त्यांच्या मंजुरीशिवाय हात लावता येत नाही.

कमिटीचं एकच पालुपद, "टाकीत पाणी आहे ना, मग प्रॉब्लेम तुमच्या फ्लॅटमध्ये." ग्राउंड फ्लोअरवाल्यांना त्रास नाही म्हणून कुणी मनावरच घेईना. अहो पण दहा मीटर उंचीला साधारण एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) प्रेशर मिळतं, खालच्यांना उंचीच एवढी मिळते की घर्षणात थोडं गेलं तरी उरतं, आमच्याकडे टाकीपासून नळापर्यंत जेमतेम चार मीटर, तेही पाइपच खाऊन टाकतो! शेवटी मी नळाला गेज (दाब मोजायचं यंत्र) लावून दाखवलं. नळ बंद, काटा 0.4 किलोवर. सेक्रेटरी लगेच म्हणाले, "बघा, प्रेशर आहे की." आणि तेवढंच मिनिट्समध्ये लिहिलं. नळ सोडल्यावर काटा शून्यापाशी आला तो कुणी लिहिलाच नाही. पाणी वाहतच नसेल तर घर्षण कुठून होणार, वाहतं असतानाच मोजायला हवं, हे समजावण्यात महिने गेले. आजही आठवलं की डोकं तापतं.

मग टूम निघाली बूस्टर पंपाची, म्हणजे लाइनमधला दाब वाढवणाऱ्या पंपाची. त्याच पाइपातून दुप्पट पाणी न्यायचं तर साधारण साडेतीन पट दाब लागतो, आणि तो दाब येणार गंजून पातळ झालेल्या लाइनवर, म्हणजे लीकेजला आमंत्रणच. मी अजिबात ऐकलं नाही.

गाडी हलली ती कापलेल्या तुकड्यामुळे. प्लंबरने मुख्य लाइनपासून आमच्या फ्लॅटकडे येणाऱ्या शाखेचा एक इंची पाइप कापून टेबलावर ठेवला, आत जांभ्या दगडासारखे गंजाचे गुठळे, करंगळीसुद्धा जाईना. पुढच्याच सभेत ठराव पास. तुमच्याकडे अडलं असेल तर गेजच्या आधी तुकडाच दाखवा.

आकडे हवे असतील तर, पाइपातलं घर्षण काढायच्या हेझन-विल्यम्स सूत्रात गुळगुळीतपणाचा सी नावाचा आकडा असतो, प्लास्टिकला 150 धरतात, नव्या जीआयला 120, जुन्याला 100 किंवा त्याहून कमी. 150 ऐवजी 100 झाला की तेवढ्याच पाण्याला घर्षण दुपटीहून जास्त. आणि गंजाने भोक 25 मिमीचं 20 झालं तर त्यानेच जवळपास तिप्पट, खडबडीतपणा वेगळाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे दुकानदार सांगत नाही. इंचाला इंच बदलू नका! एक इंची जीआय आतून साधारण 27 मिमी असतो, एक इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) साधारण 23, म्हणजे गुळगुळीतपणाने जे कमावलं त्याच्यापेक्षा जास्त अरुंदपणात जातं, नव्या जीआयशी तुलना केली तर चक्क तोटाच. आम्ही सवा इंची घेतला, आतून 28च्या आसपास. ठेकेदार एक इंचीवरच अडला होता पण मी हटलो नाही आणि त्याचं मला फार समाधान आहे.

आता तीच बादली दीड मिनिटात भरते. हो, टाकीजवळचा जुना गेट व्हॉल्व्हही काढून फुल बोअर बॉल व्हॉल्व्ह (उघडल्यावर पाइपाएवढंच पूर्ण भोक देणारा) लावून घ्या, आमचा अर्धवटच उघडत होता. गीझरच्या लाइनला साधा यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप) चालत नाही, तिथे सीपीव्हीसीच. आणि गच्चीवर उन्हात राहणाऱ्या पाइपाला पाण्यात कालवायचा पांढरा इमल्शन मारा, ऑइल पेंट नको, त्याने सीपीव्हीसी खराब होतो.