खाडा

आज तारीख काय हे बघायला आमच्याकडे मोबाईल आहेत, भिंतीवरचं कालनिर्णय त्यासाठी नाहीचे. ते माझं आहे. फ्रीजच्या बाजूला खिळ्याला लटकतं, त्याला सुतळीने पेन बांधलंय, आणि त्या पेनाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही असा घरात कायदा आहे (धाकटी कायदा पाळत नाही, म्हणून मार्चच्या पानावर एक हत्ती आहे). पाहुणे कधी संकष्टी बघायला म्हणून जवळ जातात आणि मग तिथेच खोळंबतात, कारण चौकोनात काय लिहिलंय ते त्यांना लागत नाही. ४ तारखेला "ग". ९ ला "दू अर्धा". ११ ला "भि १०००". १५ ला "व्हॅन दिली" आणि त्याच्याखाली "खरंच दिली", कारण एकदा व्हॅनवाल्या काकांशी त्यावरून जुंपली होती. संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते त्यामुळे तिथे मला जागा कमी पडते, मग त्या दिवशी शक्यतो कुणाला पैसेच द्यायचे नाहीत. देवाचं पण होतं, माझं पण होतं.

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, नवरा अंबडला कंपनीत आहे, हातात छत्तीस हजार येतात. २०२२ पर्यंत मी पण नोकरी करत होते, एका छोट्या ऑफिसात अकाउंट्सला, चौदा हजारांवर. दुसरी झाली तेव्हा याच भिंतीवर, त्या वर्षीच्या कॅलेंडरच्या जानेवारीच्या पानामागे, मी हिशोब मांडला होता. दोघांचं पाळणाघर सात हजार, जाण्यायेण्याचे बावीसशे, उशीर झाला की बाहेरून पोळ्या आणायच्या त्याचे धरा नऊशे. खाली उरले तीन हजार नऊशे. म्हटलं एवढ्यासाठी रोज रडणारं पोर सोडून पळायचं? सोडली नोकरी. तो हिशोब बरोबरच होता, मी आजही तपासून बघते कधीकधी, बरोबरच येतो. फक्त त्यात एक रकाना मी धरलाच नव्हता की आता अकाउंट्स मला घरचे करायचेत आणि इथे महिनाअखेरीला न जुळणारी रक्कम तात्पुरती ढकलून ठेवायला सस्पेन्स अकाउंट नसतं.

भाडं, शाळा, गाडीचा हप्ता, गावाला पाठवायचे आणि एलआयसी असे एकवीस हजार पहिल्या पाच दिवसांतच जातात, ते माझ्या हातातून जातच नाहीत, नवऱ्याच्या मोबाईलमधूनच टिंग टिंग करत जातात. उरलेले पंधरा हजार ते माझं राज्य. त्यात सगळ्यात मोठा मान दुधाचा, दीड लिटर रोज, साठ रुपयाने, म्हणजे रोजचे नव्वद, महिन्याचे सत्तावीसशे. आणि म्हणून कॅलेंडरवरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे खाडा.

ज्याच्याकडे गवळी येतो त्याला हे सांगायला नको पण तरी सांगते. दूध आलं नाही तो खाडा. आपण गावाला गेलो तो खाडा. पण आमच्या गवळीदादांचा नियम असा की आदल्या दिवशी सांगितलं तरच खाडा धरायचा, नाही सांगितलं तर दूध आलंच समजायचं, मग तुम्ही घरात असा नाहीतर शिर्डीला. दादांची स्वतःची लांब वही आहे, तिच्यात माझे खाडे नेहमी दोन असतात आणि माझ्या कॅलेंडरवर चार, आणि मग १ तारखेला सकाळी सातला दारात आमची सभा भरते. "ताई, तेरा तारखेला दिलंय की." "दादा तेराला तुमच्या म्हशीला बरं नव्हतं, तुम्हीच म्हणालात." "ती चौदाला." मग मी कॅलेंडरच खिळ्यावरून काढून दारात आणते. छापील कागदासमोर माणूस जरा नमतो हे मी अकाउंट्समध्येच शिकले. एकशे ऐंशी रुपये सुटतात. कुणाला वाटेल एकशे ऐंशीसाठी एवढं, तर त्या एकशे ऐंशीत सिलिंडर आला की पोचवणाऱ्याला द्यायचे वरचे पैसे आणि धाकटीचं चप्पल शिवणं असं दोन्ही बसतं.

त्यात माझा एक चोरटा प्रकार पण आहे. बावीस तारखेच्या पुढे मी मुद्दाम खाडे करते. दादांना आदल्या दिवशी निरोप, उद्या नको. फ्रीजमधलं आदल्या दिवशीचं दूध पुरवायचं, सायीचं विरजण आठवडाभर साठलेलं असतं त्याचं लोणी काढायचं, ताकाची कढी, तूप कढवलं की भांड्याला राहिलेल्या बेरीत साखर घालून पोरांना द्यायची. ते तिला मिठाई समजतात, मी काही सांगायला जात नाही.

"ग" म्हणजे गॅस जोडल्याचा दिवस. १४.२ किलोचा सिलिंडर आमच्याकडे उन्हाळ्यात अठ्ठेचाळीस दिवस जातो आणि थंडीत एकेचाळीस, कारण नाशिकची थंडी आणि अंघोळीचं पाणी. हे मला कॅलेंडरमुळे कळलं, अंदाजाने मी पक्का दोन महिने जातो असं सगळ्यांना सांगत होते. एकदा तेहतीस दिवसांतच संपला तेव्हा मी हादरले, मागची पानं चाळली, तर लक्षात आलं की त्या महिन्यात हरभरे, राजमा, छोले असं सगळं न भिजवता आयत्या वेळी कुकरला लावत होते, आठ आठ शिट्ट्या. आता रात्री झोपताना दार लावलं का हे बघत नाही पण कडधान्य भिजवलं का ते बघते. आणि सिलिंडर किती उरलाय ते बघायला ओलं फडकं फिरवायचं, वरचा रिकामा भाग पटकन सुकतो आणि जिथपर्यंत आत गॅस आहे तिथे ओल जरा जास्त वेळ राहते, ही विद्या शेजारच्या काकूंची. सरकारचं पण माझ्या कॅलेंडरवर असतं बरं का. ८ मार्च २०२४, महिलादिन, सिलिंडर शंभर रुपयांनी उतरला, त्या चौकोनात मी फूल काढलं होतं. ८ एप्रिल २०२५, पन्नास परत चढला. तिथे नुसतंच "५०" लिहिलंय, फूल वगैरे काही नाही.

भाजीचं मात्र कॅलेंडरवर लिहिण्यात अर्थ नाही, ती सकाळी एक असते संध्याकाळी एक. नाशिकला राहून भाजी महाग म्हणायचं म्हणजे जरा लाजच वाटते, कांद्याचं लासलगाव आपल्याच जिल्ह्यात, टोमॅटोचं पिंपळगाव इथे हायवेला. पण २०२३ च्या उन्हाळ्यात भाव नाही म्हणून आमच्याच इकडच्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले आणि जुलैत तोच टोमॅटो दीडशेच्या वर गेला, आणि मधल्या काळात तो कुणाच्या खिशात होता ते ना त्यांना कळलं ना मला. त्या महिन्यात आमच्या आमटीत आमसूल होतं. तेव्हापासून मी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या बाजाराला जाते, सिटीलिंकच्या बसने, आणि जाते ती संध्याकाळ उलटल्यावरच. विकणारीला घरी जायची घाई, आपल्याला नाही. तेव्हा वाटे लागतात, वांग्याचा दहाला, गवारीचा दहाला, आणि शेवटी शेवटी मावशीच म्हणते घे बाई सगळं वीसला, उचल. कोथिंबिरीची नाशिकची जुडी म्हणजे लग्नातला गुच्छ, स्वस्त असेल तेव्हा घ्यायची, पानं डब्यात कागद घालून आणि देठं वेगळी, देठं वाटणात जातात. देठं टाकणारी बाई बघितली की मला आतून कायतरी होतं.

किराण्याच्या पाकिटांवर हल्ली बारीक अक्षरात एका ग्रॅमची किंमत छापलेली असते, ती मी चष्मा काढून वाचते. मोठं पाकीट स्वस्त असतं हे दरवेळी खरं नसतं. तेलाची पिशवी लिटरची वाटते, पण हातात घेऊन वाचावी तर आठशे-साडेआठशे ग्रॅम निघते, लिटर म्हणजे ९१० ग्रॅम हे आता मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पाच रुपयांचा पुडा मात्र पाचचाच राहिला, आतली बिस्किटं तेवढी कमी झाली, माझ्या मुलाने मोजली होती. २२ सप्टेंबर २०२५ ला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी जीएसटी उतरला, साबण शांपू टूथपेस्ट अठरावरून पाच टक्के, वह्या पेन्सिली खोडरबरवर तर शून्य. नवरा टीव्ही बघून खूश, म्हणे आता तुझे पैसे उरतील. मी म्हटलं वह्या शाळेने जूनमध्येच ठरलेल्या दुकानातून घ्यायला लावल्यात, कव्हरसकट.

मग बावीस तारखेनंतरचं घर. याचा वेगळा मेनू असतो. वरणफळं, कुळथाचं पिठलं, शिळ्या पोळीचा कुस्करा, भाजणीचं थालीपीठ, आणि डब्यांच्या तळाशी उरलेल्या सगळ्या डाळी एकत्र करून जी आमटी होते तिला नवरा पंचायत समिती म्हणतो. गहू एप्रिलमध्येच वर्षाचे भरलेले असतात, कडुनिंबाचा पाला घालून, सासूबाई गावाहून बाजरी पाठवतात, म्हणजे उपाशी कुणी राहत नाही, तसं काही नाही. फक्त या आठ दिवसांत फळवाल्याच्या गाडीवरून जाताना धाकटीचा हात मी जरा घट्ट धरते आणि चालायचा वेग वाढवते. खालच्या मजल्यावरच्या ताईंना लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात, त्या मला विचारतात तुम्ही का नाही भरला फॉर्म. वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे, आमचं त्याच्या वर. योजनेला आम्ही श्रीमंत आणि महिन्याला नाही.

भिशी आमची बारा जणींची आहे, हजाराची. माझा नंबर लागला तेव्हा बारा हजार एकरकमी हातात आले आणि मी अर्धा तास ते नुसते मोजत बसले होते. मग मुलाची सायकल, मिक्सरचं भांडं, आणि बाकीचे कुठे गेले ते कॅलेंडरवर पण नाहीये, खरंच सांगते.

२०२५ च्या फेब्रुवारीत नवऱ्याने जेवताना मोबाईलवरून वाचून दाखवलं की सरकारचा सर्वे आलाय, २०२४ चा, घरकामात बाया रोज २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, बिनपगारी. मी भाकरी थापत होते. म्हटलं ८८ मिनिटं करणारे हे पुरुष कुठल्या वॉर्डात राहतात तेवढं वाच. त्याने मोबाईल ठेवला आणि पाणी भरून घेतलं, उरलेली सत्त्याऐंशी मिनिटं अजून येणे आहेत.

तर झालं असं की ऑगस्टमध्ये मला ताप आला. साधा व्हायरल, पण दोन दिवस उठताच आलं नाही. नवऱ्याच्या रजा संपलेल्या होत्या, तो घरी राहिला त्या बिनपगारी लागल्या, एका दिवसाचे बाराशे, दोन दिवसांचे चोवीसशे. घर तसं चाललं. खिचडी झाली, परत खिचडी झाली, धाकटीची वेणी बाजूला कुठेतरी घातली गेली. दुधाला नको म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून दोन्ही दिवस दीड दीड लिटर आलं आणि त्यातलं निम्मं नासलं, त्याचं पनीर करायचं असतं हे मी झोपून ओरडून सांगत होते पण आवाज बसला होता.

उठून तिसऱ्या दिवशी कॅलेंडर बघितलं तर १८ आणि १९ च्या चौकोनात पेन्सिलीने, मुलाच्या चौथीतल्या अक्षरात, लिहिलेलं. "आई खाडा." "आई खाडा." पेनाला हात लावायचा नाही हा कायदा त्याने पाळला होता.

मी काही बोलले नाही, राहू दिलं. ३१ तारखेला दुधाचा हिशोब करायला बसले तर तो शेजारी येऊन उभा. मी खाडे मोजत होते, नव्वद, नव्वद, नव्वद. तो म्हणाला, दुधाच्या एका खाड्याचे नव्वद कापतेस, बाबांच्या एकाचे बाराशे कापले, मग तुझ्या एकाचे किती? आतून नवरा म्हणाला, आईला विचार. मी म्हटलं, बाबांना विचार. दोघंही काही बोललो नाही म्हणून त्याने स्वतःच जरा विचार केला, बोटाने १८ वर टेकवलं आणि म्हणाला, "पण आई, तू आदल्या दिवशी सांगितलं नव्हतंस ना ताप येणारे म्हणून. मग खाडा धरता नाही येणार."

आणि दप्तरातून खोडरबर काढून त्याने दोन्ही चौकोन पुसून टाकले.