जतच्या कानडीपेक्षा रशियन जवळची कशी?

निवृत्तीनंतर सांगली-मिरजेत भाषेविषयी चार शब्द बोलण्याचा योग आला की समोरून एक प्रश्न हमखास येतो : जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत घरोघरी कानडी चालते, अथणीकडून आलेला माणूस मिरजेच्या बाजारात अर्धे वाक्य मराठीत आणि अर्धे कानडीत बोलतो, मग तुम्ही मराठीला फारसी, रशियन, इंग्रजीच्या पंगतीला कसे बसवता? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कन्नडमधले एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु म्हणून पाहावे आणि नंतर रशियनमधले द्वा, त्री, चितीरे, प्यात्. दोन, तीन, चार, पाच म्हणणाऱ्याला यांतले घरचे कोणते वाटतात, हे सांगावे लागत नाही. मात्र नुसत्या सारखेपणावरून मी भाऊबंद ठरवत नाही, कारण सारखा शब्द शेजाऱ्याकडून उसनाही आणलेला असू शकतो. खरा पुरावा फरकांच्या नियमितपणात असतो. संस्कृतात शब्दारंभी ‘स’ असेल तेथे फारसीत ‘ह’ येतो : सप्त–हफ्त, सिंधू–हिंदू. आमच्या गावात हरिनाम सप्ताह बसतो आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ताही भरावा लागतो. या दोन्ही शब्दांच्या पोटात एकच ‘सात’ आहे, एकात संस्कृतातून आलेला आणि दुसऱ्यात फारसीतून. तसाच संस्कृत ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’ सापडतो : पितृ–फादर, पाद–फूट.

या भाषा एकाच कुळातल्या आहेत, या शोधाचे श्रेय १७८६ साली कलकत्त्यात व्याख्यान देणाऱ्या विल्यम जोन्स यांना मिळते. ते योग्यच आहे. पण ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचणाऱ्या फादर स्टीफन्स यांनी त्याच्या दोनशे वर्षे आधी, १५८३ साली, गोव्याहून भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नोंदवले होते, याचा विसर निदान मराठी माणसाला पडू नये.

हे कुळ, ज्याला इंडो-युरोपीय म्हणतात, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातून सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी पसरू लागले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. दुसरा पक्ष अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, त्याहून बऱ्याच जुन्या शेतकऱ्यांकडे बोट दाखवतो. मला पहिला पक्ष पटतो, आणि त्याचे कारण उसाच्या हंगामात कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाडीत आहे. चाक, आस आणि जू ही नावे चक्र, अक्ष आणि युग यांवरून आली आणि इंग्रजीतले व्हील, ॲक्सल, योक हे त्यांचेच सगोत्र. चाकाच्या गाडीचे ठोस पुरावे इ. स. पू. ३५००च्या फारसे मागे जात नाहीत. तेव्हा या नावांचे मूळ एक असेल, तर गाडी आली त्या वेळी या भाषांचे पूर्वज अजून फारसे पांगलेले नसणार. पुढे इ. स. पू. १४ व्या शतकात उत्तर सीरियातल्या मितान्नी राज्याच्या तहात मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे वेदांतले देव साक्षीला बोलावलेले दिसतात, म्हणजे या कुळाची आपली शाखा तोवर तिथवर पोचली होती. (भाषेचे कूळ म्हणजे रक्ताचे कूळ नव्हे, हे येथे सांगून ठेवतो, त्यावरचा वाद मला घालायचा नाही.)

मग कन्नडचे काय? तूप, अक्का, अण्णा हे शब्द तिकडचे. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’, हा भेद संस्कृतात नाही, कन्नडच्या कुळातल्या, म्हणजे द्राविड, कित्येक भाषांत आहे. परंतु शेजाराची सर्वांत खोल खूण मला ‘म्हणून’ या शब्दात दिसते. त्याचा मूळ अर्थ ‘असे बोलून’. तो आपण कारण सांगायलाही वापरतो, आणि कन्नडमध्ये ‘म्हणणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून झालेले ‘एंदु’, बोलीतले ‘अंत’, नेमके तेच काम करते. ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली’ हे वाक्य रशियनमध्ये नेताना सगळी मांडणी मोडावी लागते, कन्नडमध्ये ते शब्दाखाली शब्द ठेवून उतरते. ‘तुम्ही विचारलंत म्हणून’ यातले तिन्ही शब्द संस्कृताच्या वंशातले आहेत, पण जतचा माणूस हेच ‘नीवु केळिदिरि अंत’ असे, त्याच क्रमाने म्हणेल.