शिबिरातल्या गटप्रमुखांच्या पाठीशी राहताना: माझा अनुभव

राष्ट्रीय सेवा योजनेच्या ७ दिवसांच्या निवासी शिबिरात सगळ्यांत जास्त दमतो तो गटप्रमुख. १०० स्वयंसेवकांच्या एककातले (कॉलेजच्या तुकडीतले) साधारण ५० जण शिबिराला येतात. दहा-दहाचे गट पाडले की ५ गटप्रमुख लागतात. ही मुलं बाकीच्यांच्याच वयाची, बहुतेक त्यांच्याच वर्गातली. कालपर्यंत ज्यांच्याबरोबर कट्ट्यावर बसत होती, त्यांनाच पहाटे उठवायचं आणि भांडी घासायला पाठवायचं. माझ्या अनुभवात त्यांना सूचनांपेक्षा सोबत जास्त लागते, आणि ती सोबत शिबिराच्या आखणीतच बसवावी लागते.

सुरुवात निघण्याच्या आठवडाभर आधी होते. प्रत्येक गटप्रमुखाशी एकट्याने बोलतो. घरून परवानगी आहे का, एटीकेटीचा (राहिलेल्या विषयाचा) पेपर जवळ आहे का, दमा किंवा फिट्सचा त्रास आहे का, एवढं विचारतो. मुलींच्या घरी मॅडम स्वतः फोन करतात. मुक्काम कुठे, रात्री सोबत कोण, न्हाणीघर कुठे, हे त्या आईला सांगतात. खर्चासाठी थोडी उचल आधीच हातात ठेवतो आणि चिठ्ठीवर हिशेब मागतो. नाहीतर रिक्षा, झेरॉक्स, रिचार्ज हे सगळं मूल स्वतःच्या खिशातून करतं आणि बोलत नाही.

श्रमदानात खरी कसोटी लागते. वनराई बंधारा, म्हणजे ओढ्याचं पाणी अडवणारा गोण्यांचा तात्पुरता बांध, घ्या. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने दोनतृतीयांशच भरायच्या, तोंडं सुतळीने शिवायची आणि विटांसारखे सांधे चुकवत थर रचायचे. गच्च भरलेली गोणी नीट बसत नाही आणि उचलणाऱ्याची कंबर धरते. इथे गटप्रमुख हमखास स्वतःच साखळीत उभा राहतो आणि सगळ्यांत जास्त गोण्या उचलतो, कारण सावलीत बसलेल्या मित्राला ‘ऊठ’ म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. म्हणून दर २० मिनिटांनी शिट्टी मी वाजवतो आणि जागा बदलायला मीच लावतो. स्वयंपाकघराची पाळी आणि रात्रीचे दिवे मालवण्याची वेळ यांचा तक्ताही माझ्या सहीने लागतो. वाईटपणा मोठ्यांनी घ्यायचा. गटप्रमुखाला त्याच मित्रांबरोबर पुढे वर्षभर कॉलेजात राहायचं असतं.

चूक झाली तर ती प्रभातफेरीच्या रांगेत किंवा पंगतीत काढायची नाही. बाजूला घेऊन, आधी त्याची बाजू ऐकायची. चारचौघांत एकदा बोल लागला की गट त्याचं ऐकणं सोडतो आणि तो स्वतः गप्प होतो. कौतुक मात्र सगळ्यांसमोर, आणि नेमकं करावं: ‘छान केलंस’ यापेक्षा ‘पाय मुरगळलेल्या मुलाला तू लगेच खाली बसवलंस’ हे मनाला जास्त पोचतं.

रात्रीची १५ मिनिटांची बैठक मी कधीच टाळत नाही. सांस्कृतिक कार्यक्रम संपल्यावर शाळेच्या ओट्यावर, चहा घेऊन, सगळे खाली बसून. ‘काही प्रॉब्लेम?’ असं विचारलं की ‘नाही सर’ हेच उत्तर येतं. त्यामुळे पहिला प्रश्न: आज पोटभर जेवलास का, किती झोपलास? दुसरा: गटात आज कोण गप्प होतं? तिसरा: उद्याचं कोणतं काम मी तुझ्याकडून काढून घेऊ? तिसऱ्या प्रश्नाला पहिले दोन दिवस कोणी उत्तर देत नाही. एकाचं काम खरोखर काढून घेतलेलं दिसलं की बाकीचे बोलू लागतात. बहुतेकदा अहवाल लेखन नको असतं, कारण त्यापायी जागरण होतं. ते आम्ही रोज वेगळ्या स्वयंसेवकाला देतो.

रात्री कोणीतरी गटप्रमुखाजवळ रडतं, ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणतं. हे ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवणं क्रूर आहे. पहिल्याच दिवशी ठरवून देतो की इजा, छेडछाड आणि जीव देण्याची भाषा या तीन गोष्टी गुपित राहत नाहीत. त्या लगेच, मध्यरात्र असली तरी, कार्यक्रम अधिकाऱ्यांना (योजनेचं काम पाहणाऱ्या प्राध्यापकांना) सांगायच्या. बाकीचं ऐकून घेतलं तरी पुरे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक गटाच्या वहीत लिहिलेला असतो. मुलींच्या प्रथमोपचार पेटीत पॅड असतात, आणि कारण न विचारता अर्धा दिवस विश्रांती देण्याचा अधिकार त्यांच्या गटप्रमुखाला असतो. उन्हात कोणाला जुलाब-उलट्या झाल्या तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हेही वहीत असतं. माहिती हाताशी असली की मूल घाबरत नाही.

शिबिर संपल्यावर गटप्रमुखाची आठवण कोणालाच राहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. स्वयंसेवकाने वर्षभरात करायच्या कामाचे १२० तास भरताना त्याच्या रात्रीच्या बैठका, आधीची गावभेट, सामानाची मोजदाद हेही तास धरावेत. कार्य नोंदवहीत तारखेनिशी ते आठवड्याच्या आत लिहून सही घ्यावी. नंतर कोणाला नीट आठवत नाही. परीक्षेच्या काळात एक फोन करावा, त्यात योजनेचं काम काढू नये. आणि पुढच्या वर्षी तो ‘यंदा नको’ म्हणाला तर त्याला गळ घालू नये.